हाकेचा डोह

शर्यत बघायला आलात, बरं केलंत. पण पहिली होडी काठाजवळ आली म्हणून टाळ्या वाजवू नका. पलीकडे पाणी काळं दिसतं ना, तो हाकेचा डोह. सगळ्या होड्या तो ओलांडून येईपर्यंत इथे कोणी तोंडातून शब्द काढत नाही.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी शर्यत व्हायची आणि पहिली होडी लागताच ढोल सुरू. सुकाणूवर हिरोजी तांडेल असला की पैज लावायलाही कोणी तयार नसे. एका वर्षी त्याचा धाकटा भाऊ लखू पहिल्यांदाच शर्यतीत उतरला, तोही दुसऱ्या होडीतून. हिरोजी जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, ढोलांनी कान बधिर झाले. त्या गदारोळात त्याला पाण्याकडून ‘दादा!’ अशी हाक ऐकू आली. भाऊ कौतुक करतोय असं वाटून त्याने हसत हात हलवला. ढोल थांबले तेव्हा लखूची होडी डोहात पालथी पडली होती. बाकीचे कसेबसे पोहून आले, लखू आला नाही.

त्यांची आई आवडाई एवढंच म्हणाली, “तुज्या भावान तुका हाक मारल्यान, नि तू हात हालयलंस?” त्यानंतर ती हिरोजीशी कधीच बोलली नाही, असं सांगतात.

पुढच्या वर्षी हिरोजीच पुन्हा पहिला आला. ढोलावर टिपरी पडली मात्र, डोहातून हाक आली. “दादा!” साऱ्या गावाने ऐकली. बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. मागून येणारी शेवटची होडी डोहावर जागीच थांबली. माणसं जिवाच्या आकांताने वल्ही मारत होती, पण होडी हलेना आणि पाणी तिच्या कडेवरून आत येऊ लागलं.

हिरोजीने होडी वळवली. भीतीने त्याच्या वल्हेकऱ्यांनी काठावर उड्या टाकल्या. तो एकटाच गेला. डोहावर पोचून, आलो म्हणून ओरडला, “इलंय रे, लखू!” त्यासरशी अडकलेली होडी सुटली, माणसं सुखरूप काठाला लागली. हिरोजीची होडीही मागोमाग आली. तिच्यात कोणी नव्हतं.

आजही जिंकणारी होडी काठाला न टेकता मागे फिरते आणि शेवटच्या होडीला सोबत करत आणते. नंतर जिंकलेला तांडेल डोहाकडे तोंड करून ओरडतो, “इलंय रे!” मग आम्ही कान देऊन उभे राहतो. काहीच ऐकू आलं नाही की ढोल वाजतात, रस्सीखेच होते, पोरं नारळ फोडतात, तुम्हालाही गरम भजी मिळतील.

यंदा माझा मुलगा सुकाणूवर आहे. तो जिंकू नये म्हणून सकाळीच देवाला नारळ ठेवून आलोय. डोहातून उत्तर आलंच, तर हिरोजीसारखा एकटा जाताना तो मागे वळून माझ्याकडे बघणार नाही, हे मला ठाऊक आहे.