मानाचा काटा

फार फार वर्षांपूर्वी, धुक्यालाही घराघराची वाट ठाऊक होती त्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. एका वर्षी डोंगरावरून निळसर धुकं उतरू लागलं. ते ज्याला शिवे, तो गाढ झोपी जाई. चेहऱ्यावर हसू, श्वास संथ. आणि मग तेल संपलेल्या वातीसारखा विझून जाई.

डोंगरापलीकडून एक म्हातारी वैदीण आली. तिच्याजवळ बाभळीचे काटे होते आणि धुकं आटवून केलेलं औषध.

"दंडाला टोचायचं," ती म्हणाली. "घटकाभर डोळा लागेल. तेवढ्यात अंगाला धुक्याची ओळख होते. पुढे ते आलं, तर अंगच त्याला परतवून लावतं."

गावाला हे पटलं. पण काटा टोचलेला माणूस झोपेत मनातलं सगळं बोलून टाकतो, असंही गावाला कळलं. कुणाकडून, ते सांगता येत नव्हतं. प्रत्येकाने मात्र खात्रीच्या माणसाकडून ऐकलं होतं.

शेजारणीच्या शेताचा बांध पाटील दरवर्षी थोडाथोडा कोरत आला होता.

गावाची रीत अशी, की पहिला मान पाटलाचा. पोळ्याला त्याचा बैल पुढे, होळीला त्याचा नैवेद्य. पण वैदिणीने काटा पुढे केला, तसा पाटील एकाएकी नम्र झाला.

"आधी गुरव. देवाचा माणूस तो."

"छे छे, पाटील! देवाच्या माणसाने शेवटी घ्यावं," गुरव म्हणाला. "आधी शेटजी."

"पाटलांच्या आधी मी?" शेटजींनी कानाला हात लावले. "पाप लागेल हो!"

मान गावभर फिरला. इतका विनय त्या गावाने कधी पाहिला नव्हता. तोवर धुकं गायरानापर्यंत उतरलं होतं.

पाटलाची नात ठकी दंड उघडा करून उभीच होती. "आबा, मी घेते की! झोपेत काय बोलणार? गूळ मी खाल्ला, हे आजीला ठाऊक आहे."

"गप गं. थोरांच्या आधी पोरींनी मान घ्यायचा नसतो."

दुसऱ्या सकाळी धुकं अंगणात आलं. ठकी जाईच्या वेलाखाली झोपलेली सापडली. ओंजळीत फुलं तशीच होती.

पाटील अनवाणी धावला. "हिला टोच, माये!"

"निजलेल्याला याचा उपयोग नाही, बाबा. हे आधी घ्यायचं औषध."

पाटलाने आपला दंड पुढे केला. सारं गाव कान टवकारून भोवती बसलं. पाटील घोरला. बाकी काही नाही, नुसता घोरला. गाव जरासं हिरमुसलं, मग रांगेत उभं राहिलं.

ठकी गेली, ती हसतच गेली.

धुकं पुढेही येत राहिलं. पाटील मुद्दाम दारात बसे. ते पायांशी येई, घुटमळे आणि मागे फिरे. कधी त्याला जाईचा वास असे. अशाच एका सकाळी त्याने शेजारणीला हाक मारली आणि कुणी न विचारता बांधाची गोष्ट सांगून टाकली.

"ठाऊक होतं की," ती हळूच म्हणाली. "साऱ्या गावाला ठाऊक आहे, पाटील."

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: टोचून घेतलेला काटा घटकाभर सलतो, टाळलेला जन्मभर.