पाण्याला चालायला शिकव!

राजवाडा टेकडीवर चढत होता आणि टेकडी गावच्या तळ्यात उतरत होती!

पृथुसेन महाराजांचा नवा राजवाडा खालून उठून दिसावा, म्हणून कारभारी दिगंबरपंतांनी उतारावरचं एकूण एक झुडूप उपटून टाकलं होतं. आता सर आली की लाल पाणी धो धो धावत सुटे. तळं गाळाने भरत चाललं. गावाला प्यायला चिखल!

शेवटी बांधकामावर मातीच्या पाट्या वाहणारी हौसा थेट महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, पावसाळाभर काम थांबवा. गाव काय पिणार?"

"काम थांबणार नाही!" महाराज गरजले. "पाणी धावतं, हा पाण्याचा दोष. त्याला चालायला शिकव!"

दरबारी खो खो हसले. हौसा हसली नाही.

"शिकवते. किती हळू चालायला हवं?"

"माझ्याहून हळू! सर सुरू झाली की मी वरून पायी निघेन. तळ्यावर मी आधी पोहोचलो, तर टेकडीवर तुझा शब्द चालेल. पाणी आधी पोहोचलं, तर गाव उठवून दुसरीकडे न्यायचं!"

महाराजांना जेवून दिवाणखान्यात यायलासुद्धा पालखी लागायची!

"आणि भिंत बांधायची नाही हं," पंत घाईने म्हणाले. "पाणी तुंबलं तर पाया भिजेल."

"भिंत कशाला, पंत? उपटलेली झुडपं कुठे टाकलीत, तेवढं सांगा."

उताराच्या शेतात गाव जे करायचं, तेच हौसाने टेकडीवर केलं. बायकांना हाताशी घेऊन तिने उताराला आडवी दगडगोट्यांची ओळ लावली, तिच्यात झुडपांच्या फांद्या खोचल्या आणि ओळीच्या वरच्या अंगाला उथळ चर खणला. अशा आठ दिवसांत आठ ओळी!

"हे काय गं? टेकडीला गुंडाळतेस काय?" पंतांनी नाक मुरडलं.

"डोकं तुम्ही भादरलंत, पंत. निदान फेटा तरी बांधू द्या!"

नवव्या दिवशी आभाळ फुटलं. महाराज निघाले. दोनदा घसरले, तीनदा दम खायला बसले. हौसा तळ्याकाठी उभी होती. पाणी पहिल्या ओळीपाशी आलं, चरात शिरलं, थबकलं. चर भरल्यावर फांद्यांमधून झिरपत पुढे निघालं. पुन्हा चर, पुन्हा थांबा.

महाराज धापा टाकत तळ्यावर पोहोचले, तेव्हा तळ्यात उतरणारा ओघळ अजून वाहू लागलाच नव्हता!

"पाणी कुठाय?"

"येतंय, महाराज. बसा जरा."

बऱ्याच वेळाने पाणी आलं. तळचा खडा न् खडा दिसावा इतकं नितळ! महाराजांनी ओंजळभर पिऊन पाहिलं.

"माझ्यासारख्या माणसाने पाण्याला हरवलं? वाटेत करत काय होतं ते?"

"माती उतरवत होतं, महाराज. आठ ठिकाणी ओझं उतरवायचं म्हणजे वेळ लागणारच."

"आणि मी?"

"तुमचं ओझं कुठे उतरवता येतंय? सगळं घेऊन एका दमात आलात!"

पंतांनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि ते असे गडगडून हसले की अंगरख्याचे दोन बंद तुटले!

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं हौसाला दिलं. "आजपासून टेकडीवर हिने हो म्हटल्याशिवाय कुदळ पडणार नाही! आणि पंत, चर गाळाने भरलेत. उचला पाटी!"