अफरवटचा उतार

"पण उस्ताद, मी तयार आहे का, एवढंच सांगा ना!"

उस्ताद बुटांचे पट्टे आवळत होते.

केतकी उपासे मघापासून हेच विचारत होती. गुलमर्गच्या वर, अफरवटच्या माथ्यावर, पायांत स्की अडकवून ती उताराच्या तोंडाशी उभी होती. इचलकरंजीची कबड्डीपटू. मैदानात भल्याभल्यांना पाणी पाजलेली. खालचे सोपे उतार तिने पचवले होते. हा मात्र तरबेज लोकांचा, लांबलचक. गेल्या हिवाळ्यात ती इथूनच मागे फिरून गोंडोल्यात, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात, बसून खाली गेली होती. ते तिला वर्षभर सलत होतं.

शेजारी बर्फात फतकल मारून बसलेले म्हातारे म्हणजे सुभेदार धोंडीराम जगदाळे. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत असताना त्यांनी बर्फावर जवान घडवले, निवृत्तीनंतर इथेच रमले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि ते नाव मग जन्माला चिकटतं.

"कड फार उभी आहे हो."

"हाय."

"बर्फही कडक झालाय."

"हाय की."

"पहिलंच वळण चुकलं तर?"

"पडशील."

"आणि पडले तर?"

"उठशील."

केतकी भडकली. "मग इतके दिवस मला शिकवलंत काय तुम्ही?"

...

उस्तादांनी डोक्यावरची कानटोपी काढली. तिचा गोळा केला आणि दिला खाली भिरकावून.

टोपी घरंगळत गेली ती थेट खालच्या काळ्या खडकाला जाऊन अडकली. वारा बोचरा होता. उस्तादांचं टक्कल बघता बघता लाल झालं.

"अहो, वेड लागलंय का? गारठून जाल!"

"व्हय," उस्ताद म्हणाले. "लई गार लागतंय."

...

केतकीने ओठांवर आलेली शिवी गिळली आणि सुटली.

पहिलं वळण कधी घेतलं ते तिला कळलंच नाही. दुसऱ्यावर ती डगमगली, सावरली. मागे रेलायची तिची जुनी खोड. घाबरलेला माणूस डोंगराला टेकायला बघतो आणि तिथेच स्की निसटतात. आज ती पुढे झुकली होती, कारण टोपी पुढे होती.

खडकाशी थांबून तिने टोपी उचलली, बर्फ झटकला आणि वर पाहिलं. वरची कड भिंतीसारखी उभी होती. त्या भिंतीवरून ती आली होती.

उस्ताद सावकाश उतरून आले. त्यांनी टोपी घातली आणि नुसता हात पुढे केला... जा.

ती गेली. पलीकडे नंगा पर्वत उन्हात झगझगत होता, खाली दरीभर निळं धुकं. मग झाडं लागली, झाडांतून मऊ बर्फाची वाट. एकदा ती सपशेल आपटली. उठली, स्वतःलाच हसली, पुन्हा निघाली. मांड्या नुसत्या पेटल्या होत्या. शेवटच्या सपाटीवर तिने दोन्ही काठ्या उंचावून अशी आरोळी ठोकली की चहावाला किटली हातात धरून बघतच राहिला. आनंदाने तिला रडू फुटलं.

मागून उस्ताद आले.

"आले, उस्ताद! अख्खा उतार उतरून आले! मी तयार आहे, हे आधीच सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

उस्तादांनी तिच्या पाठीवरचा बर्फ झटकला.

"तवा न्हवतीस, पोरी."