छाटाची टोपली

सोलापूरच्या विडी कामगार नरसव्वाला एक कोडं पडलं होतं: छाटाच्या विड्या जातात तरी कुठं?

बायका घरी विड्या वळून कारखान्यात आणायच्या आणि मालक पुंजाशेठ स्वतः तपासायला बसायचे. "ह्या वाईट" म्हणत मूठमूठ विड्या बाजूच्या टोपलीत टाकायचे. हाच छाट. त्याची मजुरी नाही आणि विड्याही परत नाहीत. दुसऱ्या दिवशी बघावं, तर टोपली रिकामी!

शेवटी नरसव्वानं विचारलंच, "शेठ, ह्या विड्यांचं पुढं काय होतं हो?"

"कचरा तो! फेकून देतो. तुला कशाला नसत्या चौकशा?"

"आपलं सहज विचारलं."

त्या दिवशी टोपली भरत आली, तशी नरसव्वा उठली. नळाखालची भरलेली बादली तिनं ओढत आणली आणि टोपली उचलून बादलीवर धरली. "फेकायचा त्रास तुम्हाला कशाला, शेठ?"

"अगं, अगं! भिजेल ना माल माझा!" शेठ गादीवरून ताडकन उठले.

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. नरसव्वानं टोपली अलगद खाली ठेवली.

"माल होय? मग मालाची मजुरी द्या. आणि कचरा असेल, तर जाऊ दे की पाण्यात!"

शेठनी एकदा बादलीकडं पाहिलं, एकदा बायकांकडं, आणि गुमान मजुरी लावली.

आता तपासणीच्या वेळी बायका टोपलीशेजारी एक भरलेली बादली न चुकता आणून ठेवतात. आणि नवल असं, की हल्ली विड्या फार सुबक येतात, असं खुद्द पुंजाशेठच सांगतात.