राक्षसाच्या कानातला पंखा

एका गावात एक राक्षस राहायचा. पण वर्षातून एकच दिवस. उरलेले दिवस तो नागली लावायचा, बैलांच्या मागं चालायचा आणि बायकोची बोलणी मुकाट ऐकून घ्यायचा. त्याचं नाव चिंधू.

चैत्रात त्या गावात सोंगांची जत्रा भरायची. देवादानवांची मोठमोठी मुंडकी डोक्यावर चढवून माणसं नाचायची. चिंधूच्या घराकडं महिषासुराचं सोंग होतं. त्याच्या बापानं नाचवलेलं, बापाच्या बापानंही नाचवलेलं. बांबूच्या कामट्यांवर कागदाचा लगदा चढवून केलेलं रेड्याचं डोकं ते. वर पोकळ शिंगं, बाजूला भोकं पाडलेले कान आणि तोंड असं उघडं, की समोरच्यानं आपला पोरगा चटकन मागं ओढावा. वजन विचारू नका. ते डोक्यावर घेतलं, की आधी घालणाराच कण्हायचा आणि लोक म्हणायचे, वा, काय गुरगुरतोय.

त्या मुंडक्यातून पुढचं काही दिसायचं नाही. डोळे नुसते रंगवलेले. उघड्या तोंडाच्या फटीतून दिसायचे ते आपलेच पाय. म्हणून राक्षसाच्या पुढं एक वाटाड्या उलट्या पावलांनी चालायचा आणि तोंडानं सांगायचा, डावीकडं घ्या, जरा थांबा, खाली दगड आहे. हात मात्र लावायचा नाही. एकदा मुंडकं चढलं, की देवीची तलवार टेकेपर्यंत राक्षसाला कुणी शिवायचं नाही, असा गावाचा नेम. कुणी शिवलंच, तर ते सोंग त्या घरातून गेलं म्हणून समजायचं. आणि हा वाटाड्या कोण असायचा? राक्षसाच्या बायकोचा भाऊ. जुन्या माणसांनी विचार करूनच ठरवलं असणार. मेहुण्यापुढं भल्याभल्या राक्षसांचं काही चालत नाही. खोटं वाटत असेल तर आपापल्या घरी बघा.

चिंधूचा मेहुणा भिवा. बोलण्यात असा, की तो गप्प बसला तर लोक वैद्याला बोलवायचे. पण राक्षसापुढं चालताना त्याचा एक शब्दही वाया जायचा नाही.

आता चिंधूचं वय झालं होतं. आवाजाची सनई होती, तिची पिपाणी झाली होती. त्यात आदल्या वर्षी काय घडलं? ऊन मी म्हणत होतं, मुंडक्यात भट्टी पेटली होती, आणि पिंपळापाशी आल्यावर राक्षस मटकन खाली बसला, तो उठेचना. बिचाऱ्या देवीलाच पदर खोचून पळत यावं लागलं. तिथंच तलवार टेकवून वध उरकला. असला आयता वध गावानं कधी बघितला नव्हता. लोक वर्षभर हसले. जत्रेचे म्हातारे पंच भागाबाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चिंधूला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की पुढच्या वर्षीही असं झालं तर मुंडकं दुसऱ्या घरी द्यावं लागेल, बरं का बाबा.

चिंधूनं ते हसत ऐकलं आणि घरी जाऊन भाकरी तशीच ठेवली. मुंडकं गेलं तर आपण नुसते नागलीवाले उरणार, हे त्याला उमगलं होतं.

वर्षभर विचार करून तो बाजारच्या गावी बाळकू वायरमनकडं गेला. लग्नात माईक लावायचे, ते बिघडवायचे आणि मग दुरुस्त करून नाव कमवायचं, हा बाळकूचा धंदा. भिवाही सोबत होता. चिंधूनं रेड्याचं डोकं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की आत वारा पाहिजे आणि बाहेर आवाज पाहिजे. बाळकूला असलं काम म्हणजे पोराच्या हाती पतंग. त्यानं एका मोडक्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा काढला. भाजीवाले गळ्यात अडकवून ओरडतात, तसला एक कर्णा आणला. चिंधूच्या हनुवटीशी माईक, कमरेला बॅटरी, तिच्यावर एक खटका. खटका दाबला की पंखा, माईक, सगळं एकदम सुरू. राहता राहिला प्रश्न, पंखा आणि कर्णा बसवायचे कुठं. कानांची भोकं आयतीच होती. एका कानात पंखा बसला, दुसऱ्यात कर्णा. जणू पूर्वजांनी त्यासाठीच भोकं पाडली होती.

चिंधूनं दुकानाच्या दारात मुंडकं चढवलं, खटका दाबला आणि गर्जना केली. समोरच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या. चहावाल्यानं कप सोडला. आत गार वाऱ्याची झुळूक, बाहेर ढगांचा गडगडाट. चिंधूला वाटलं, आपण विशीत आलो.

मुंडकं उतरवल्यावर भिवा म्हणाला, की दाजी, मी तुम्हाला मघापासून हाका मारतोय, तुम्ही ओ दिली नाही.

"राक्षस काय ऐकायला येतो का रे?" चिंधू म्हणाला. "राक्षस गर्जायला येतो."

भिवा एवढंच बोलला, की ठीक आहे, राक्षस तुम्ही आहात, आम्ही कोण. मेहुण्याचा राग असाच असतो, दुधावरच्या सायीसारखा. दिसतो पातळ, पण खाली तापलेलं असतं.

जत्रेचा दिवस आला. देवी तलवार घेऊन मैदानात उभी राहिली. देवी म्हणजे गावातला शिंपी, पण त्या दिवशी त्याच्याही पाया पडायचं. सूर्य बुडायच्या आत राक्षसानं तिच्यापुढं यायचं, आव्हान द्यायचं, तलवार टेकली की पडायचं. त्यानंतरच घरोघरी चुली पेटायच्या. तोवर गाव उपाशी.

वेशीपाशी चिंधूनं मुंडकं चढवलं आणि खटका दाबला. पहिल्या गर्जनेलाच पोरं आयांच्या पदरात शिरली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. संबळ वाजू लागला आणि राक्षस असा नाचला, की आदल्या वर्षी हसलेल्यांची बोटं तोंडात गेली. चिंधूला ती बोटं दिसत नव्हती, पण अंदाज होता. मग त्याची जीभ सैल सुटली. ठरलेलं आव्हान सोडून तो मनाचं बोलू लागला. मला म्हातारा म्हणणारे कुठं आहेत आता, असं त्यानं विचारलं. एकदोघांची नावंही घेतली. नावं घेतलेले लोक दुसऱ्यांकडं बघू लागले.

पिंपळापाशी वाट डावीकडं वळायची. भिवा म्हणाला, दाजी, डावीकडं. दाजी सरळ निघाले. भिवानं मोठ्यानं सांगितलं, मग ओरडून सांगितलं. पण एका कानात पंखा घरघरत होता, दुसऱ्या कानातून स्वतःचाच आवाज दुमदुमत होता. संबळवाले वळणावर थांबले, तेही चिंधूला कळलं नाही. नाचाचा ठेका त्याच्या पायांतच मुरलेला होता. लोकांनी हाकाटी केली. आत त्याचा पुसट कल्लोळ पोचला, तेव्हा चिंधूला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. तो आणखी जोरात गर्जला.

गावकरीही मोठे शहाणे. निम्म्यांना वाटलं, यंदा यंत्र आलंय तशी वाटही नवी ठरली असेल. उरलेल्यांना शिवायची भीती. देवीनं विचारलं, की मी जाऊ का मागं. भागाबाबा म्हणाले, की देवीनं राक्षसाच्या मागं पळायचं, हे दर वर्षी शोभत नाही. मग देवी तलवारीवर हात टेकून उभीच राहिली. राक्षसच निघून गेला, तर मारायचं कुणाला?

राक्षस उतारानं खाली, माळाच्या दिशेला चालला. त्याच्यापुढं भिवा, उलट्या पावलांनी, घसा फाटेस्तोवर ओरडत. आता ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. चिंधू करवंदीच्या जाळीला धमक्या देत होता. एका बांधाला त्यानं युद्धाचं आव्हानही दिलं. भिवाला हसू येत होतं, पण मागं वळून बघितलं आणि त्याचं हसू वाळलं. पुढं माळावरची जुनी विहीर होती. तिला कठडा नव्हता.

भिवा हात पुढं करून थांबला. हात लावला तर दाजी वाचतील, पण मुंडकं जाईल. आणि मुंडकं गेल्यावर दाजी किती वाचतील, हे बहिणीच्या नवऱ्याला इतकी वर्षं ओळखणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तो परत निघून गेला असता, तरी कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. राक्षसानंच सांगितलं होतं, की राक्षस ऐकायला येत नाही.

भिवा विहिरीच्या अलीकडं, धुळीत, उताणा पडला. वाटेवर आडवा.

चिंधू नाचत नाचत आला. तोंडाच्या फटीतून त्याला नेहमीसारखे आपले पाय दिसत होते. मग पायांच्या पुढ्यात एक तोंड दिसलं. ओळखीचं तोंड. ते सारखं उघडत होतं, मिटत होतं, आणि त्यातून आवाज येत नव्हता. चिंधू थांबला. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की देवीपुढं पडायचं ते मी, हा मेहुणा का आधी पडला? मग त्याला भिवाच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. त्यानं कमरेचा खटका बंद केला.

एकदम शांत झालं. संबळ नव्हता, लोक नव्हते. लांब कुठं तरी एक तित्तर ओरडत होता. आणि घसा बसलेल्या माणसाचा आवाज आला.

"दाजी, मी पडलोय तिथवरच जमीन आहे. पुढं विहीर आहे."

राक्षसानं एक पाऊल मागं घेतलं. मग बारीक पिपाणीच्या आवाजात त्यानं विचारलं, की भिवा, तू मघापासून बोलतोयस का रे. भिवा म्हणाला, की मघापासून नाही, बाळकूच्या दुकानात गेलो त्या दिवसापासून.

सूर्य टेकायला आला होता. मुंडकं आतून तापायला लागलं होतं. मागचा रस्ता सगळा चढाचा. खटका दाबला तर वारा मिळाला असता, पण भिवा ऐकू आला नसता. बसलेल्या घशाचा आवाज घरघरीतून कसला पोचतोय? चिंधूचा हात खटक्याकडं गेला आणि परत आला.

"चल," तो म्हणाला. "सांग, पाऊल कुठं टाकू."

मग भिवा सांगत गेला. डावीकडं, दाजी. इथं दगड आहे. इथं तुम्ही मघाशी ज्याला आव्हान दिलंत तो बांध आहे, जरा नमस्कार करून पुढं या. राक्षसाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. दोनदा तो थांबला, तेव्हा भिवाही थांबला आणि त्याला बहिणीच्या लग्नातल्या जुन्या गोष्टी सांगून राग आणत राहिला. माणूस रागावला की चक्कर विसरतो, हे भिवाला माहीत होतं.

सूर्याची कोर उरली होती तेव्हा राक्षस मैदानात पोचला. गर्जना करायला तोंड उघडलं, तर हवाच निघाली. खटका बंदच होता. पण उपाशी गाव इतकं गप्प झालं, की त्या पिपाणीतून निघालेलं जुनं आव्हान शेवटच्या पोराला ऐकू गेलं. देवीनं तलवार टेकवली. राक्षस पडला, आणि कुणीही शिकवलं नसेल इतका खरा पडला. मुंडकं काढलं तेव्हा आतला चिंधू वाफाळलेल्या भाकरीसारखा झाला होता.

पाणी पाजून झाल्यावर सगळे भागाबाबांकडं बघू लागले. चिंधूनं यंत्राला दोष दिला नाही. तो म्हणाला, की चूक माझीच, आता तुम्ही सांगाल त्या घरी मुंडकं पोचवतो.

भागाबाबांनी मिशीवरून हात फिरवला.

"पळून गेलेले राक्षस पुष्कळ बघितले," ते म्हणाले. "मरायला आपल्या पायांनी चढ चढून परत आलेला पहिलाच. मुंडकं राहू दे तुझ्याकडं."

चुली पेटल्या. गर्दी पांगली. जत्रेच्या माईकसाठी आलेला बाळकू वायरमन ओशाळून पुढं झाला. पंखा आणि कर्णा काढून फेकू का, असं त्यानं विचारलं. चिंधू नको म्हणाला. वारा चांगला होता, आवाजही चांगला होता, त्यांचं काही चुकलेलं नाही, फक्त कान मोकळे पाहिजेत. मग बाळकूनं विचारलं, की असं असेल तर पुढच्या वर्षी ते बसवू तरी कुठं.

चिंधू उत्तर द्यायला निघाला आणि थांबला. भिवाकडं वळून म्हणाला, "तू सांग. तू म्हणशील तिथं."

भिवानं तोंड उघडलं. दाजींनी आपलं मत विचारावं म्हणून तो लग्नाच्या मांडवापासून वाट बघत होता. आणि नेमकं आता त्याला एक शब्द सुचेना. चिंधूनं घाई केली नाही. दोन्ही कान पुढं करून तो तसाच उभा राहिला.

तात्पर्य: आवाज हवा तेवढा वाढवावा, पण तो आपल्याच कानांत कोंबू नये; जो आपल्याला वाट सांगतो, त्याच्यासाठी कान मोकळा ठेवावा, मग तो मेहुणा का असेना.