भोपळ्यांनी जिंकलेला घाट

“टेम्पोला इथं वीज मिळणार नाही! पाटी वाचता येते ना? ‘फक्त मोटारींसाठी’!” रावसाहेब ढमढेरे गरजले.

रावसाहेब म्हणजे घाटपायथ्याच्या पायरेवाडीतल्या वीजरथ मंडळाचे तहहयात अध्यक्ष. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बावीस मालकांचं हे मंडळ. दर रविवारी गाड्या पुसायच्या, एकमेकांच्या गाड्यांचं कौतुक करायचं आणि मिसळ खायची, हा त्यांचा नेम. चार्जर मंडळाच्या अंगणात होता. दुसरा थेट तीस किलोमीटरवर!

समोर उभी होती वैजयंता काळोखे, गावाची वैजाक्का. विजेवरचा टेम्पो घेऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. हा चार्जर बंद म्हणजे तिचा टेम्पो दारात उभा.

“मग मला सभासद करून घ्या की, रावसाहेब.”

“टेम्पोवाली आणि सभासद? घाटाची पैज जिंकून दाखव, मग बघू!”

अंगणात हशा पिकला. पैज अशी : मंडळाच्या फाटकातून निघायचं, आठ किलोमीटरचा घाट चढून माथ्यावरच्या देवळाला वळसा घालायचा आणि इथंच परत यायचं. वाटेत चार्जिंग नाही, ढकलणं नाही, ओढणं नाही. आणि बॅटरी निघतानापेक्षा एक टक्काही कमी दिसता कामा नये!

तीन वर्षांत ती कुणाला जमली नव्हती. उतारावर बॅटरी थोडी भरते हे सगळ्यांना ठाऊक. पण चढ जेवढी खातो तेवढी उतार परत देत नाही. म्हणून मंडळातल्या एका डॉक्टरांनी गाडीची मागची सीट काढली. सेक्रेटरी देवस्थळींनी जादा चाक, जॅक आणि बायको, तिन्ही घरी ठेवली. तरी त्यांचे चार टक्के गेलेच.

“जिंकले तर?” वैजाक्कानं विचारलं.

“मंडळाचा बिल्ला आणि चार्जरची किल्ली!”

“अन् हरले तर?”

“तर तुझा टेम्पो या फाटकात पुन्हा दिसायचा नाही!”

“ठरलं. मंगळवारी सकाळी सात वाजता.”

“मंगळवारीच का?”

“त्या दिवशी आपला बाजार असतो ना!”

ह्या उत्तराकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मंगळवारी सात वाजून दहा मिनिटांनी रिकामा टेम्पो निघाला. बॅटरी साठ टक्के. शेजारी साक्षीदार म्हणून देवस्थळी. पंचवीस मिनिटांनी त्यांचा माथ्यावरून फोन आला, “एकोणपन्नास! अकरा टक्के गेले!”

“अकरा?” रावसाहेबांनी खुशीत दुसरी मिसळ मागवली.

मिसळ संपली. चहा झाला. टेम्पोचा पत्ता नाही! अखेर नऊ वाजता भोंगा वाजला आणि टेम्पो फाटकात शिरला. वरपर्यंत लालभडक भोपळे रचलेले आणि एक भोपळा देवस्थळींच्या मांडीवर!

रावसाहेब तिसऱ्या मिसळीच्या हातानंच धावले. मीटरवर आकडा होता एकसष्ट.

“लबाडी! वाटेत चार्जर लावला असणार!”

“नाही हो,” देवस्थळी कण्हत उतरले. “मी क्षणभरही नजर हलवली नाही. उलट माथ्यावर हिनं मलाच भोपळे भरायला लावले. दीड टन!”

“दीड टन? एवढं ओझं घालूनही टक्का वाढला?”

“ओझं घातलं म्हणूनच वाढला!” वैजाक्का म्हणाली. “उतारावर गाडी जेवढी जड, तेवढी ती जोरानं खाली ओढते. तिला आवरताना तेवढीच जास्त वीज बॅटरीत जाते. चढताना मात्र मी रिकामीच होते.”

रावसाहेबांनी खिशातून पैजेचा कागद काढला. दोनदा वाचला. ओझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

“अहो, पण आम्ही तीन वर्षं गाड्या हलक्या करत बसलो! हे तुम्हाला सुचलं कसं?”

“त्यात सुचायचं काय, रावसाहेब? तुम्ही घाटावर हवा खायला जाता. रिकामे जाता अन् रिकामेच येता. मी जाते माल आणायला!”

मग रावसाहेब असे हसले, की टेम्पोवरचा एक भोपळा घरंगळून त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो काखेत मारला, कोटावरचा स्वतःचा बिल्ला काढून वैजाक्काला दिला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

“देवस्थळी, ती पाटी उतरवा! आणि वैजाक्का, पुढच्या मंगळवारी मीही येतो घाटावर. माझ्या गाडीत किती भोपळे मावतील?”

“तीसेक मावतील. पण मिसळ उतरताना खायची हं, चढताना नाही!”