झुंबरचे दात

खडकाळ माळावरच्या एका वस्तीत झुंबर नावाची इवलीशी पोर राहायची. डोळे टपोरे, केस कुरळे, आणि दात? गंजल्या पत्र्यासारखे, पिवळे-तपकिरी. पोरं ओरडायची, "ए हळददाते, तोंड मिट!" आई म्हणायची, "घाणेरडी कुठली! दात घास म्हटलं की हिच्या जिवावर येतं." मग आईच विटेच्या भुकटीनं तिचे दात खसाखसा घासायची. हिरड्यांतून रक्त यायचं, डाग काही हटायचे नाहीत.

एकदा रडत रडत झुंबर पळसाच्या रानात शिरली. केशरी फुलांचा नुसता जाळ पेटला होता. त्यातल्या एका फुलातून बोटाएवढी परी उतरली. चतुराचे पंख, अंगभर सोनेरी चमचम.

"रडू नको गं चिमणे. एक इच्छा माग. पण काय मागितलंस ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस, की दिलेलं नाहीसं होईल."

"माझे दात पांढरे कर."

"घडून झालेला दात मलाही बदलता येत नाही, बाळे. तुमच्या हातपंपाच्या पाण्यात दगडातलं विष उतरलंय. हिरडीत कोवळा दात घडतो, तेव्हाच त्याला डाग पडतो. घासून काय जाणार? त्यापेक्षा रेशमी झगा माग, मोत्यांची माळ माग."

झुंबर दचकली. घरी तान्हा किसना होता. दूध मिळत नाही म्हणून आई त्याला त्याच पाण्याचा कोरा चहा बाटलीनं पाजायची.

"झगा नको. वस्तीला चांगलं पाणी दे."

परीनं पंख फडफडवले. माळावर निळाशार झरा खळखळला.

वर्षं गेली. किसनाचे दुधाचे दात पडले, नवे आले ते मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. आई कौतुकानं म्हणाली, "बघ गं झुंबरे, भाऊ कसा घासतो! तू जन्माची आळशी."

झुंबरनं शब्द गिळला. बोलली असती तर झरा आटला असता. ती तडक रानात गेली.

परी म्हणाली, "तू वचन पाळलंस. आता फक्त तुझ्यासाठी माग."

"आईला कळू दे. मी घाण नव्हते."

परी अंगणात आली. तांदूळ निवडणाऱ्या आईच्या कानाशी बसली आणि तिनं स्वतःच सगळं सांगितलं; झुंबर बोलली नव्हती, म्हणून झरा वाहतच राहिला. आईच्या हातून सूप पडलं.

"अगं, म्हणजे मीच... माझ्याच हातानं ते पाणी पाजलं गं तुला!"

तिनं झुंबरला पोटाशी धरलं. लख्ख सोनेरी उजेड झाला, त्यात परी विरघळून गेली. उजेड सरला, तरी आई रडतच होती.